हरकतींसाठी तीस दिवस

महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात कोणत्या भूखंडावर किती मजले उठतील, शेजारून रस्ता जाईल की मैदान राहील, ओढ्याच्या काठाला किती जागा मोकळी सोडावी लागेल, हे जमीनमालकाच्या इच्छेपेक्षा दोन सरकारी दस्तऐवजांवर अधिक अवलंबून असते. त्यांतला पहिला म्हणजे विकास आराखडा, ज्याला पालिकेच्या आवारात सगळेच ‘डीपी’ म्हणतात, आणि दुसरा म्हणजे त्याला जोडून येणारी विकास नियंत्रण नियमावली, म्हणजेच वास्तुविशारदांच्या बोलण्यातले ‘डीसी रूल’. आराखडा हा मुख्यतः नकाशा असतो आणि कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी होणार हे तो रंगांनी सांगतो; नियमावली शब्दांत आणि कोष्टकांत असते आणि त्या वापराच्या मर्यादेत किती बांधता येईल, हे ती ठरवते. आराखड्यावर निदान वर्तमानपत्रांतून वाद रंगतात, मोर्चे निघतात. नियमावलीच्या वाट्याला असे लक्ष क्वचितच येते, आणि शहराचा चेहरा बदलणारे कित्येक निर्णय नेमके तिथेच झालेले आढळतात.

नियमावलीतला कळीचा शब्द म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, अर्थात एफएसआय. भूखंडाचे क्षेत्रफळ आणि त्यावर करता येणारे एकूण बांधकाम यांचे हे गुणोत्तर होय. निर्देशांक १.१ असेल, तर १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १,१०० चौरस मीटर बांधकाम करता येते. हा झाला मूळ निर्देशांक. त्यावर शासनाकडे अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून मिळणारे वाढीव क्षेत्र असते आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, विकत घेऊन चढवता येणारे क्षेत्रही असते. आरक्षणाखालची जमीन पालिकेला देणाऱ्या मालकाला मोबदला म्हणून बांधकामाचा जो हक्क मिळतो आणि जो तो दुसऱ्याला विकू शकतो, त्याला टीडीआर म्हणतात. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी या दोन्हींची मर्यादा वाढते. म्हणूनच एखाद्या गल्लीतल्या रस्त्याची रुंदी कागदावर ९ मीटर आहे की १२, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला, तरी त्या गल्लीतल्या प्रत्येक इमारतीचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले असते.

या सगळ्याचा कायदेशीर पाया म्हणजे ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला आणि त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली. पुढे १९६६ च्या अधिनियमाने प्रादेशिक योजना, विकास योजना आणि बांधकाम परवानगी ही तिन्ही अंगे एका छत्राखाली आणली. नगरपालिका, महानगरपालिका किंवा शासनाने नेमलेले एखादे प्राधिकरण यांना हा कायदा ‘नियोजन प्राधिकरण’ म्हणतो आणि साधारणपणे दर वीस वर्षांनी आराखड्याची सुधारणा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकतो. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हरकती व सूचना मागवण्याची तरतूद. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा एकदा हरकती मागवल्या जातात, पण तेव्हा हरकत घ्यायला हाती नकाशाच नसतो. खरी संधी मिळते ती प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर, कलम २६ खाली. त्यासाठीची मुदत तीस दिवसांची असते, बृहन्मुंबईसाठी साठ दिवसांची. वीस वर्षांच्या आराखड्याला तीस दिवसांचे वाचन पुरेसे आहे असे कायदा मानतो, हे जरा उदारपणाचेच म्हणावे लागेल.

आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. कलम २८ नुसार या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. म्हणजे निवडून आलेले आणि विषयातले तज्ज्ञ असे दोघेही एकाच टेबलाशी बसतात. समिती सुनावणी घेते, अहवाल देते, नियोजन प्राधिकरण त्यानुसार बदल करते आणि आराखडा शासनाकडे जातो. शासन तो मंजूर करते किंवा त्यात बदल सुचवते, आणि बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वेगळा काढून त्यावर पुन्हा हरकती मागवते. हा वेगळा काढलेला भाग नगररचनेच्या भाषेत ‘ईपी’ म्हणून ओळखला जातो. शेवटचा शब्द शासनाचा असतो. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची चर्चा तीस वर्षे चालली आणि बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन हा विषय पालिकांच्या कामांत पहिला मांडला गेला, तरी मंजुरीची सही मंत्रालयातच होते.

कागदावर ही रचना लोकशाहीला साजेशी आहे. व्यवहारात कोणत्या हरकतीचे काय होते, हे मात्र ती कशी लिहिली आहे यावर बरेच ठरते. एखाद्या वस्तीतली वर्षानुवर्षे खेळासाठी वापरली जाणारी मोकळी जागा प्रारूप नकाशात पिवळ्या, म्हणजे निवासी रंगात दाखवली गेली, असे समजा. ‘आमच्या भागात मैदाने कमी आहेत, तरी विचार व्हावा’ असे पत्र आवक विभागात शिक्का मारून घेते, त्याला क्रमांक मिळतो, सुनावणीत अर्जदाराला काही मिनिटे मिळतात आणि अहवालात त्यापुढे ‘सूचनेची नोंद घेतली’ एवढे येते. तीच हरकत भाग-नकाशाचा क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि ज्या मंजूर अभिन्यासात, म्हणजे लेआउटमध्ये, ती जागा खुली जागा म्हणून दाखवली होती त्याची प्रत जोडून दिली, तर समितीला त्यावर होय किंवा नाही असे कारणासह लिहावे लागते. एकाच मजकुराच्या छापील अर्जांवर हजारो सह्या गोळा करण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. तिने वृत्तपत्रात आकडा मोठा दिसतो आणि राजकीय दबावही येतो, पण समितीपुढे असे अर्ज बहुधा एकगठ्ठा ऐकले जातात आणि एकगठ्ठा निकाली निघतात. नकाशाचे वाचन ही काही फार अवघड विद्या नाही, पण ती शाळेत शिकवली जात नाही आणि पालिकेच्या दर्शनी भागात टांगलेल्या भल्यामोठ्या पटावर आपले घर शोधण्यातच बहुतेकांचा पहिला आठवडा जातो.

याहून मोठी अडचण म्हणजे हरकतींचा टप्पा येतो तेव्हा आराखड्याचा पाया घातला जाऊन बराच काळ लोटलेला असतो. कलम २५ नुसार आधी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होते आणि त्याचा नकाशा तयार होतो. आज कुठे शाळा आहे, कुठे दवाखाना, कुठे विहीर, कुठे झोपडवस्ती, याची ही नोंद असते आणि उद्याची गरज याच नोंदीवरून काढली जाते. एखादी खासगी बाग सार्वजनिक उद्यान म्हणून मोजली गेली, तर त्या प्रभागाला उद्यानाची गरज उरत नाही. कोळीवाड्याची हद्द नकाशात उमटली नाही, तर त्याच्या संरक्षणाचा मुद्दा आराखड्यात येणार कुठून? या पहिल्या नकाशावर हरकत घेण्याचा वेगळा हक्क कायदा देत नाही.

मुंबईच्या २०१४ ते २०३४ या आराखड्याच्या वेळी हे ठळकपणे दिसले. महापालिकेने विद्यमान जमीन वापराचे नकाशे लोकांसमोर ठेवले, हे पाऊल कायद्याने सांगितलेल्या किमान मर्यादेच्या पुढचे होते, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. त्या नकाशांत नागरी संघटनांना आणि अभ्यासकांना असंख्य चुका सापडल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात वारसा इमारतींच्या नोंदी चुकलेल्या होत्या, काही रस्ते उभ्या प्रार्थनास्थळांवरून आखलेले होते, रेल्वे स्थानकांच्या परिसरात निर्देशांक ८ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता आणि आरे वसाहतीची हिरवी जमीन विकासासाठी खुली होण्याची चिन्हे दिसत होती. हरकतींचा ढीग साठत गेला, चर्च, पारशी संस्था, मैदानप्रेमी, गावठाणवासी असे एरवी एकत्र न येणारे गट एका बाजूला आले आणि मुदत संपण्याच्या सुमारास, एप्रिल २०१५ मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि त्याला व सोबतच्या नियमावलीला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

या प्रकरणाकडे लोकशक्तीचा विजय म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो विजय होताच, पण त्यातला टिकाऊ भाग मोर्चांपेक्षा शांतपणे केलेल्या कामाचा होता. प्रारूपाच्या आधीपासून प्रभागवार बैठका घेऊन वस्त्यांतल्या लोकांकडून नकाशे तपासून घेणाऱ्या संघटनांनी बेघरांचे निवारे, नोकरदार महिलांची वसतिगृहे, पाळणाघरे, महिलांसाठी आधार केंद्रे यांसारख्या जागांची मागणी नेमक्या शब्दांत मांडली होती आणि त्यांतल्या काहींना अखेरच्या आराखड्यात स्वतंत्र आरक्षणांचे रूप मिळाले. आराखड्याच्या भाषेत ज्या गोष्टीला वर्गवारी नसते, ती जमिनीवर उभी राहत नाही. त्यामुळे नवी वर्गवारी निर्माण करून घेणे हे एखादे चुकीचे आरक्षण उठवून घेण्याहून मोठे काम ठरते.

पुण्यात अशीच एक नवी वर्गवारी टेकड्यांच्या निमित्ताने जन्माला आली. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखण्याचा प्रस्ताव नागरिकांच्या रेट्याने आला आणि बीडीपी ही तीन अक्षरे पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात रुळली. त्याला शासनाची मंजुरी मिळायला मात्र २०१५ साल उजाडले. जमीनमालकांना मोबदला कोणत्या रूपात आणि किती द्यायचा, हा तिढा सुटत नव्हता, आणि या मधल्या काळात टेकड्यांच्या उतारांवर बांधकामे चढतच गेली. आरक्षणाची दुसरी बाजू इथे ध्यानात घ्यायला हवी. ज्याच्या सातबाऱ्यावर आरक्षण पडते, त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकून पडते. म्हणून कलम १२७ ने त्यालाही दार ठेवले आहे: आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. पालिकांच्या तिजोरीची अवस्था पाहून ती वाढवत नेली गेली. नागरिकांनी भांडून मिळवलेली कित्येक उद्याने याच कलमाने निसटली आहेत, कारण हरकत घेणाऱ्यांचा उत्साह आराखडा मंजूर झाला की ओसरतो आणि नोटिशीची तारीख मोजत बसलेला मालक मात्र जागा असतो.

आराखडा मंजूर झाल्यानंतरही तो स्थिर राहत नाही. कलम ३७ नुसार त्यात फेरबदल करता येतो, मात्र त्यामुळे आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी अट आहे. फेरबदलासाठीही राजपत्रात सूचना काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली ‘सर्वे क्रमांक अमुक, ना-विकास क्षेत्रातून वगळून निवासी क्षेत्रात समाविष्ट करणे’ अशी जाहीर सूचना कोण वाचतो? मूळ आराखड्याला हजारोंनी हरकती येतात आणि फेरबदलांच्या फायलीत बहुधा दोन-चार पत्रे असतात किंवा एकही नसते. शिवाय हा फेरबदल नकाशात होतो तसाच नियमावलीच्या वाक्यातही होतो.

वाक्यातल्या बदलाने काय घडते, याचे मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाची वाट मोकळी केली, पण त्यासाठी जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. गिरणगावातल्या सुमारे सहाशे एकर जमिनीचा विचार केला, तर मध्य मुंबईला मैदाने आणि कामगारांना घरे मिळण्याची ही शेवटची मोठी संधी होती. २००१ साली कलम ३७ च्या मार्गाने हा नियम बदलला गेला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची व्हावी, असे ठरले. आता मोकळी जमीन म्हणजे कोणती? गिरणीचे बांधकाम पाडल्यावर जी रिकामी होते ती धरायची, की आधीपासून रिकामी होती तेवढीच? दुसरा अर्थ लावला तर सार्वजनिक वाटा आक्रसून जातो, कारण गिरण्यांच्या आवारात शेड आणि गोदामे यांनीच बहुतेक जागा व्यापलेली होती. याविरुद्ध जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पहिला, म्हणजे जनतेच्या बाजूचा अर्थ स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २००१ चा फेरबदल वैध ठरवून दुसरा अर्थ कायम केला. लोअर परळ आणि परिसरातले आजचे मॉल, मनोरे आणि त्यांच्यामधले चिंचोळे फुटपाथ ही त्या एका विशेषणाची फलश्रुती आहे. एका नियमातली दुरुस्ती आराखड्याचे मूळ स्वरूप बदलते की नाही, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर काहीही असो, गिरणगावाचे स्वरूप तिने बदलले.

नियमावलीवर लोकांचे म्हणणे मांडण्याची जागाही अलीकडे सरकली आहे. पूर्वी प्रत्येक महानगरपालिकेची आपापली नियमावली असे आणि आराखड्यासोबत तिच्यावरही स्थानिक पातळीवर हरकती घेता येत. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने राज्यासाठी ‘एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. बृहन्मुंबई, काही विशेष प्राधिकरणांची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश वगळता बाकी सर्व शहरांना आता हीच लागू आहे. तिचे फायदे नाकारण्यासारखे नाहीत: वास्तुविशारदाला गावागणिक वेगळे पुस्तक उघडावे लागत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिल्या जाणाऱ्या सवलतींना आळा बसला आणि निवासी इमारतींतल्या जिने, बाल्कनी यांच्या जुन्या सवलतींऐवजी ६० टक्क्यांपर्यंतचे अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून घेण्याची सरळ पद्धत आली. तिच्या प्रारूपावर २०१९ मध्ये हरकती मागवल्याही होत्या. परंतु कोकणातल्या पावसाच्या गावात आणि मराठवाड्यातल्या पाणीटंचाईच्या शहरात एकच कोष्टक लागू करायचे, तर त्या त्या गावच्या माणसाने आपल्या गल्लीची तक्रार राज्याच्या नियमावलीवर कशी मांडावी, याचे उत्तर प्रक्रियेत नाही. २०२२ नंतर तर मुंबई, पुण्यासह अनेक महानगरपालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले आणि फेरबदलाच्या प्रस्तावावर ज्या सभागृहात निदान एखादा विरोधी नगरसेवक उठून बोलला असता, ते सभागृहच भरत नव्हते.

शेजारच्या गोव्याने या बाबतीत महाराष्ट्राहून वेगळी वाट चोखाळून पाहिली. तिथे १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली संपूर्ण राज्याची प्रादेशिक योजना होते. २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक योजना २०११’ने शेते, डोंगरउतार आणि किनारे मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुले केल्याचे उघड होताच गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. त्यानंतरच्या ‘प्रादेशिक योजना २०२१’साठी नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, आणि त्या वेळी गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून ग्रामस्थांनी त्यांत आपली शेते, खाजन जमिनी, झरे आणि देवराया दाखवाव्यात, अशी पद्धत अवलंबली गेली. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. कोणत्या मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी सोडतात आणि कोणता बांध फुटला की कुठले शेत बुडते, हे पणजीतल्या कचेरीपेक्षा त्या गावच्या शेतकऱ्याला अधिक ठाऊक असते. ग्रामसभांच्या काही सूचना अंतिम नकाशात उतरल्या नाहीत, अशी तक्रार गावांतून झालीच, तरी हरकतीऐवजी नकाशापासून सुरुवात करण्याचा देशातला हा एक विरळा प्रयोग होता. २०१२ मध्ये सत्तांतर झाल्यावर ही योजना काही काळ स्थगित ठेवली गेली.

पुढची कथा कलम ३७ ची आठवण करून देते. २०२३ मध्ये गोव्याच्या कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. योजनेत नकळत राहिलेल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करण्यासाठी ही तरतूद आहे, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात जमीनमालकाने अर्ज करावा आणि त्याच्या भूखंडापुरता हिरवा रंग बदलून निवासी व्हावा, असा तिचा वापर होऊ लागला. ज्या नकाशावर गावांनी महिनोन्‌महिने काम केले होते, तो आता भूखंडाभूखंडाने आणि गावाला न विचारता बदलतो आहे, असा आक्षेप घेऊन गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आदी संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेल्या. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने या कलमाखाली केलेले नियम व मार्गदर्शक सूचना रद्द ठरवल्या आणि खुद्द कलमाची व्याप्तीही आकुंचित केली. चूक दुरुस्त करण्याच्या अधिकारातून योजनाच बदलण्याचा अधिकार निघत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. महाराष्ट्रात फेरबदलांच्या सूचना मात्र राजपत्रात पूर्वीसारख्याच येत आहेत, आणि प्रत्येकीखाली हरकतींसाठी एक महिन्याची मुदत छापलेली असते.